‘पित्त झालंय’ हे ईएमआरच्या कुठल्या बॉक्समध्ये टाकायचं? नवीन इंटर्न आणि ज्युनियर डॉक्टरांसाठी थोडा अनुभव

एमबीबीएसला आम्ही हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती, घ्यायला शिकलो ती बेडशेजारी उभं राहून, हातात वही पेन, समोर पेशंट, मागं मॅडम. चीफ कंप्लेंट्स क्रमाने सांग, आधी काय झालं नंतर काय झालं, ऑनसेट म्हणजे सुरुवात कधी-कशी ते सांग, ड्युरेशन सांग, प्रोग्रेशन म्हणजे पुढं कसं वाढलं ते सांग. दोन-तीन वर्षं ओरडा खाऊन ते जमायला लागलं होतं. मग इंटर्नशिप संपली आणि मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला मेडिकल ऑफिसर म्हणून लागले, तिथं केसपेपर हा प्रकारच नव्हता, सगळं ईएमआरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पेशंटच्या रेकॉर्डवर. पहिल्याच दिवशी पहिल्याच मावशी समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, चार दिवस झाले, पित्त झालंय हो.”

स्क्रीनवर सिम्प्टमचा ड्रॉपडाऊन उघडलेला. ॲसिडिटी, व्होमिटिंग, हेडेक, रॅश, आणखी पन्नास गोष्टी. पित्त नाही. बाहेर साठ पेशंटची लाईन. मी ॲसिडिटी निवडलं, ड्युरेशनमध्ये चार दिवस टाकलं, सिस्टिमने स्वतःच जेवणाआधीची गोळी सुचवली, मी ओके केलं आणि प्रिंट काढली. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरून बाही वर केली. “पण हे कमी होईल ना याने? रात्रभर खाजवत बसते.” हातभर गांध्या उठल्या होत्या. त्यांचं पित्त म्हणजे अंगावर उठलेलं पित्त, अर्टिकेरिया, आणि मी पोटाची गोळी देऊन त्यांना घरी पाठवत होते.

त्या दिवसाने आणि नंतरच्या काही चुकांनी शिकवलेली एक गोष्ट मी पक्की धरलीये आणि हे सगळं लिहिण्याचं कारणही तेच आहे. पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दात आधी लिहायचं, ते कधी सुरू झालं त्याची तारीख लिहायची, आणि कोणी सांगितलं ते लिहायचं. ड्रॉपडाऊन त्याच्यानंतर. हे उलटं केलं की सॉफ्टवेअर पेशंटच्या आधी बोलायला लागतं आणि आपण त्याचं ऐकतो.

आता पित्ताचंच बघा. ‘पित्त उठलंय’ म्हणजे बहुतेक वेळा अंगावर गांध्या. ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, पण त्या मावशींसारखे लोक गांध्यांनाही झालंय म्हणतात. ‘पित्त पडलं’ म्हणजे पिवळी कडू उलटी झाली. आणि ‘मला पित्ताचा त्रास आहे, उन्हात गेलं की डोकं चढतं, उलटी झाली की बरं वाटतं’ असं कोणी सांगितलं की ते बऱ्याचदा मायग्रेन असतं, ती बाई दहा-दहा वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात असते आणि डोकेदुखीसाठी तिला कोणी तपासलेलंच नसतं. आयसीडी १० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडच्या यादीत, यातलं एक एल ५० ला जाईल, एक के ३० ला, एक जी ४३ ला. पेशंटचा शब्द एकच, कोड तीन, आणि तीन वेगळे उपचार. म्हणून मी आता फ्री टेक्स्टमध्ये पहिली ओळ मराठीतच टाकते, अवतरण चिन्हात, “पित्त झालंय, रात्री खाज येते”. पुढच्या व्हिजिटला दुसरा कोणी डॉक्टर बसला असेल तर किमान त्याला कळतं की पेशंट मूळ काय म्हणाला होता आणि त्याचा अर्थ मी काय लावला.

असे शब्द खूप आहेत आणि कॉलेजमध्ये ते कोणी शिकवत नाही, कारण केस प्रेझेंट करताना आपण थेट इंग्रजीत बोलतो. ‘चक्कर’ घ्या. चक्कर येते म्हणजे खोली गरगर फिरते, का उठून उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येते, का चालताना तोल जातो, का नुसता अशक्तपणा, का माणूस खरंच कोसळला? ‘चक्कर येऊन पडला’ ही तर शुद्ध गेल्याची गोष्ट आहे, तिचा कोडच वेगळा, आर ५५. पण घाईघाईत चक्कर टाइप केलं की डिझिनेस समोर येतं, आर ४२, आणि सगळे त्याच एका डब्यात जातात. मी आता विचारते, “काका, घर फिरल्यासारखं होतं का डोळ्यापुढं अंधारी येते? झोपेत कूस बदलताना होतं का उठताना? किती वेळ राहतं?” कूस बदलताना काही सेकंद गरगरतं हे उत्तर आणि लघवीला जाऊन उभ्या उभ्या पडलो हे उत्तर, दोन्ही शब्दशः लिहा. नुसतं गिडीनेस प्लस, म्हणजे ‘चक्कर आहे’, एवढं लिहून पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही.

‘झटका आला’ हा सगळ्यात धोकादायक शब्द. आकडी आली तरी झटका, हार्ट अटॅक आला तरी झटका, अर्धं अंग लुळं पडलं तरी झटका. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, नातेवाईक धावत येतात, “बाबांना झटका आलाय”, आणि ट्रायेजवर, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवायला, बसलेल्या माणसाने त्यातलं एक निवडलं की पुढची सगळी गाडी त्या रुळावर जाते. तिथं एकच करायचं, त्यांना म्हणायचं, “काय बघितलंत तुम्ही ते सांगा, नाव राहू दे.” मग ते सांगतात, हातातला कप गळाला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. हे लिहा. आणि वेळ लिहा, पण कुठली वेळ ते नीट समजून. सकाळी सहाला उठल्यावर लक्षात आलं म्हणजे सहाला सुरू झालं असं नाही. रात्री साडेदहाला झोपायला जाताना ते नीट बोलत होते, तर शेवटचं नॉर्मल बघितलेली वेळ रात्री साडेदहा. स्ट्रोकमध्ये गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते घड्याळ या वेळेपासून मोजतात. ईएमआरमध्ये ऑनसेट टाइमचा बॉक्स असतो, त्यात सहा टाकलं की साडेआठला सीटी होताना सगळ्यांना वाटतं अजून दोन तास आहेत.

तसंच ‘गॅस’. साठीतले काका, मॉर्निंग वॉकला चढावर गेले की गॅस होतो, थांबलं की जातो, ढेकर आली की बरं वाटतं असं सांगत होते. त्यांना विचारलं कुठं होतं दाखवा, तर त्यांनी मूठ छातीच्या मधोमध ठेवली. मी तेच लिहिलं, चढावर गॅस होतो, थांबल्यावर दोन-तीन मिनिटात जातो, मूठ छातीवर ठेवून दाखवलं. कुठल्याच ड्रॉपडाऊनमध्ये ही ओळ बसत नाही. पण ईसीजी नॉर्मल आल्यावरही सरांनी फक्त ती ओळ वाचून त्यांना पुढच्या तपासण्यांना पाठवलं आणि ब्लॉकेज निघालं. हातवारे लिहा. एका बोटाने दाखवलं, तळहात फिरवून दाखवलं, कमरेकडून जांघेपर्यंत बोट नेलं, हे सगळं हिस्टरीच आहे आणि स्क्रीनकडे बघत टाइप करत बसलात तर ते दिसणारच नाही.

म्हणून पहिलं एक मिनिट कीबोर्डला हात लावायचा नाही. हे ऐकायला सोपं आहे आणि ओपीडीत अत्यंत अवघड. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी ७४ व्हिजिट्स तपासल्या होत्या, त्यात डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदात मधेच तोडत होते, आणि तेव्हा टेबलावर कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. आपल्याकडे स्क्रीन आल्यावर काय होत असेल तुम्हीच ताडा. मी काय करते, पेशंट आत आला की नाव वय टॅली करते, मग खुर्ची त्यांच्याकडे वळवते आणि “बोला मावशी, काय होतंय” म्हणून गप्प बसते. बहुतेक लोक मिनिटभरातच थांबतात, क्वचित एखादे आजोबा पाच मिनिटं जातात. त्या मिनिटात जे येतं ते नंतर दहा प्रश्न विचारून येत नाही. मग म्हणते, “आता मी हे लिहून घेते, थोडं स्क्रीनकडे बघावं लागेल.” एवढं सांगितलं की लोकांना वाईट वाटत नाही. न सांगता टायपिंग सुरू केलं की त्यांना वाटतं डॉक्टरचं लक्ष नाही आणि ते बोलायचे थांबतात.

मॉनिटर शक्यतो तुमच्या आणि पेशंटच्या मध्ये नको, बाजूला हवा. फिरवता येत नसेल तर इलेक्ट्रिशियन मामांना सांगून वायर लांब करून घ्या. मी घेतली, शंभर रुपयाचं काम.

आता तारखेचं. इथं मी जास्त वेळ घेणार आहे कारण इथंच माझ्या डोळ्यासमोर एक पेशंट जाता जाता वाचला.

पावसाळ्याचे दिवस, वॉर्ड डेंगीने भरलेला. पंचविशीचा एक मुलगा, ॲडमिशनच्या नोटमध्ये मी लिहिलं, ताप तीन दिवसांपासून, अंगदुखी, डोळ्यांच्या मागं दुखतं. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी राउंडची नोट करताना आदल्या दिवशीची नोट कॉपी फॉरवर्ड केली, म्हणजे जशीच्या तशी पुढं आणली, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) बदलले, सेव्ह. तिसऱ्या दिवशी माझ्या जोडीच्या डॉक्टरने तेच केलं. नोट काय म्हणते, ताप तीन दिवसांपासून. प्रत्यक्षात तो आजाराचा पाचवा दिवस होता. ताप उतरला होता, मुलाला थोडं बरं वाटत होतं, नाइटच्या डॉक्टरने नोट वाचली, तीन दिवसाचा ताप, आता ताप नाही, चांगलं चाललंय. डेंगीमध्ये खरी भीती ताप उतरताना असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, तेव्हा रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं, आणि पेशंटचे नातेवाईक तेव्हाच डिस्चार्ज मागत असतात. त्या रात्री मुलगा सिस्टरना म्हणाला पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. सिस्टरने ते नर्सिंग नोटमध्ये लिहिलं, तो वेगळा टॅब, डॉक्टरांच्या टॅबमध्ये ते दिसत नाही. पहाटे लेक्चरर सरांनी राउंडला येऊन मुलाच्या आईलाच विचारलं, “ताई, पहिल्यांदा ताप कुठल्या वारी आला?” त्या म्हणाल्या, “सोमवारी, शेतातनं आला तेव्हाच अंग तापलं होतं.” सरांनी बोटावर मोजलं, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारी तपासणी) पाठवलं, तो चढला होता, प्लेटलेट्स पडल्या होत्या, फ्लुइड्स सुरू झाले आणि मुलगा दोन दिवसात सावरला. सर मला ओरडले नाहीत. फक्त तिन्ही दिवसांच्या नोटा एकाखाली एक उघडून दाखवल्या. तीन दिवस, तीन दिवस, तीन दिवस.

तेव्हापासून मी ‘किती दिवसांपासून’ असं लिहीतच नाही. तारीख लिहिते. ताप १४ जुलै संध्याकाळपासून. ही ओळ कितीही वेळा कॉपी झाली तरी खोटी होत नाही. रोजच्या नोटमध्ये वर आजाराचा कितवा दिवस ते हाताने टाकते, आणि सिम्प्टमचा भाग कधीही कॉपी करत नाही, तो रोज नव्याने टाइप करायचा, दोन ओळी का होईना. पास्ट हिस्टरी, ॲलर्जी, ऑपरेशन हे पुढं आणलं तरी चालतं पण तेही एकदा वाचून.

पेशंट तारीख सांगत नाही हा प्रश्न येणारच. आपल्याकडे लोक आजारपण सणावारावर मोजतात. पोळ्यापासून गुडघा दुखतोय, वारी करून आल्यावर खोकला धरला, गणपती बसले त्या दिवशी पहिली चक्कर आली, ऊसतोडीला गेलो तिथंच सुरू झालं. हे फार चांगलं आहे, उलट ‘दोन-तीन महिने’ या उत्तरापेक्षा हे कितीतरी नेमकं. मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडा आणि तारीख काढा, आणि कंसात लिहा की गणपतीपासून म्हणाले. ‘परवा’ शब्द मात्र सांभाळून, परवा म्हणजे दोन दिवस मागंही आणि दोन दिवस पुढंही, आणि गावाकडच्या आजींच्या तोंडी कधी कधी महिन्यामागचीही गोष्ट परवाचीच असते. आणि ज्याने दुखणं अंगावर काढलंय त्याला ‘कधीपासून त्रास आहे’ विचारलं की तो दवाखान्यात यावंसं वाटलं तो दिवस सांगतो. त्याला विचारायचं, “शेवटचं पूर्ण बरं कधी वाटत होतं?” या एका प्रश्नाने माझ्याकडचे कितीतरी आठ दिवसांचे खोकले दोन महिन्यांचे निघालेत, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीसाठी थुंकी तपासायचीच.

आता बॉक्स टिक करण्याविषयी. बहुतेक टेम्प्लेटमध्ये रिव्ह्यू ऑफ सिस्टिम्स, म्हणजे शरीराच्या एकेका भागाच्या तक्रारींची यादी, असतं आणि वर एक बटण असतं, सगळं नॉर्मल किंवा सगळं निगेटिव्ह. ते दाबू नका. ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या बटणाने दोन्ही एकच होतात. रिकामा बॉक्स प्रामाणिक असतो, पुढचा माणूस तो प्रश्न विचारेल. खोटा ‘नाही’ असला की कोणी परत विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एका ज्युनियरच्या नोटमध्ये ब्लीडिंग नाही असं टिक होतं, बाईंना पाळीत पंधरा पंधरा दिवस अंगावरून जात होतं, हिमोग्लोबिन सहा, कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्या बाई सांगणारही नाहीत. तपासायच्या निमित्ताने पडद्यामागे न्या आणि मग विचारा, “ताई, पाळी वेळेवर येते का, जास्त जातं का, पांढरं जातं का?” आणि तुम्ही पुरुष डॉक्टर असाल तर सिस्टरना बरोबर घेऊन विचारा, पण विचारा.

मोजके निगेटिव्ह, म्हणजे विचारून मिळालेले ‘नाही’, मात्र मुद्दाम लिहायचे, जे लिहिल्याने निदान बदलतं असे. तापाच्या पेशंटला भातशेतात चिखलात काम केलंय का, अंगावर काळी खपली आहे का, पोटऱ्या दुखतात का, लघवी कमी झालीये का. कोकणात आणि विदर्भात हे चार प्रश्न पावसाळ्यात सोडायचेच नाहीत, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस हे ताप यातूनच सापडतात. फवारणीच्या दिवसात उलट्या, घाम, अंधुक दिसणं घेऊन कोणी आला तर फवारणी केली का, कुठलं औषध, तोंडाला फडकं होतं का. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले, ते आठवा, आणि आठवलं की व्यवसायाच्या बॉक्समध्ये ‘फार्मर’ एवढाच शब्द टाकून पुढं जायला हात धजत नाही.

सवयींचा बॉक्स, टोबॅको येस नो. बाईला विचारलं “तंबाखू खाता का?” तर उत्तर येणार “नाही हो, इश्श.” मग विचारायचं, “दात कशाने घासता?” “मिशरीने.” किती वेळा, तर चार-पाच वेळा. ती भाजलेली तंबाखूच आहे. सिस्टिममध्ये मिशरी नसेल तर स्मोकलेस निवडा आणि शेजारी मिशरी, दिवसातून पाच वेळा, वीस वर्षं असं लिहा. औषधांचंही तसंच, “बीपीची एक पांढरी गोळी आणि एक अर्धी” असं उत्तर असतं, स्ट्रिप आणायला सांगा नाहीतर घरी फोन लावून व्हॉट्सॲपवर फोटो मागवा, आणि नाव कळेपर्यंत ‘नाव माहीत नाही, स्ट्रिप मागवली’ असं लिहा. अंदाजाने ॲम्लोडिपिन (बीपीचं एक नेहमीचं औषध) टाकू नका. ते नंतर डिस्चार्ज समरीपर्यंत खरं म्हणून चालत जातं. गावातल्या डॉक्टरने दिलेली सुई, मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, काढा, झाडपाला हे सगळं न रागावता विचारलं तरच कळतं, एकदा भुवया उंचावल्या की पुढचं सगळं ‘काही नाही घेत’.

कोणी सांगितलं हा बॉक्स, इन्फॉर्मंट, सगळे रिकामा सोडतात. तो भराच. आजोबा म्हणतात मला काही होत नाही, सून म्हणते दोन महिने झाले रात्री उठून घराबाहेर जातात, बिल ठेवल्याचं विसरतात. दोन्ही लिहा, वेगळं वेगळं, पेशंटच्या म्हणण्यानुसार हे, सुनेच्या म्हणण्यानुसार हे. दोन्ही एकत्र कालवून एक गुळगुळीत वाक्य केलं की खरी माहिती त्यातच बुडते. एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंध येणारी मेडिको-लीगल केस, असेल तर याला दुप्पट महत्त्व, भाजलेली बाई आली आणि नवरा सांगतोय स्टोव्हचा भडका उडाला, तर ‘नवऱ्याने सांगितल्यानुसार’ हे शब्द पाहिजेतच, आणि बाई बोलू शकत असेल तर ती एकटी असताना काय म्हणाली ते तिच्या शब्दात, वेळ टाकून. आपला निष्कर्ष तिथं लिहायचा नाही.

चूक झाली तर खोडायची नाही, खाली वेगळी पुरवणी जोडायची, म्हणजे अॅडेंडम टाकायचं. सिस्टिम प्रत्येक बदलाची वेळ आणि लॉगिन आत साठवते, त्यामुळं पेशंट सीरियस झाल्यावर जुनी नोट ‘सुधारायला’ गेलात तर ते दिसतं आणि खरं असूनही खोटं वाटतं. आणि आपल्या लॉगिनवर दुसऱ्याला टाइप करू द्यायचं नाही, कितीही घाई असो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं असतं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासात द्यायचं असतं. म्हणजे तुम्ही लिहिलेली ओळ तो पेशंट उद्या स्वतः वाचू शकतो. ‘नाटक करतोय’ अशा अर्थाचे शॉर्टफॉर्म काही जण लिहितात, मला ते अजिबात आवडत नाही.

मराठी टायपिंगचं एक. लोक म्हणतात वेळ जातो. मोबाइलचा मराठी कीबोर्ड ज्याला येतो त्याला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायच्या गूगल इनपुट किंवा इनस्क्रिप्ट या पद्धती आठवड्यात येतात, आणि मी पूर्ण हिस्टरी मराठीत लिहा म्हणतच नाहीये, पेशंटची एक-दोन वाक्यं मराठीत, बाकी नेहमीसारखी इंग्रजीत. पण आधी एकदा डमी पेशंटवर टाकून सेव्ह करून परत उघडून बघा आणि प्रिंटही काढा. जुन्या सिस्टिममध्ये युनिकोड चालत नाही आणि सेव्ह झाल्यावर नुसती प्रश्नचिन्हं उरतात, पुण्याबाहेरच्या एका ठिकाणी माझ्या महिनाभराच्या नोटा अशा गेल्या. तसं असेल तर तोच शब्द इंग्रजी अक्षरात लिहा, पण शब्द पेशंटचाच ठेवा.

कोडिंगबद्दल थोडक्यात, कारण इंटरव्ह्यूला हल्ली विचारतात. भारत सरकारची ईएचआर स्टँडर्ड्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड कसं असावं याचे नियम, २०१३ ला आली, २०१६ ला सुधारली, त्यात सिम्प्टमसाठी स्नोमेड सीटी ही वैद्यकीय शब्दांची कोड-यादी आहे, आपल्या देशात ते वापरायला पैसे लागत नाहीत, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. तुम्ही ‘फिव्हर’ निवडलं की मागे ३८६६६१००६ हा आकडा साठतो, म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलचं वेगळं सॉफ्टवेअरही तो ताप म्हणूनच वाचेल. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आभा नंबरला (पेशंटचा डिजिटल हेल्थ आयडी) रेकॉर्ड जोडलं गेलं असेल तर पेशंटच्या परवानगीने ते दुसरीकडेही उघडतं. म्हणून निदान पक्कं नसताना आजाराचा कोड टाकायचा नाही, सिम्प्टमचाच टाकायचा. तापाला टायफॉइडचा कोड लावलात तर तो त्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं फिरतो.

सिनियर म्हणतील एवढा वेळ कुठाय. खरंय, सत्तर पेशंटच्या ओपीडीत प्रत्येकाला हे सगळं होत नाही, मलाही होत नाही. पण हिस्टरीवर घालवलेली मिनिटं तपासण्यांमध्ये वाचतात. १९७५ चा इंग्लंडमधला हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक जुना अभ्यास आहे, ओपीडीतले ८० नवीन पेशंट, त्यातल्या ६६ जणांचं शेवटी ठरलेलं निदान रेफरल लेटर आणि हिस्टरीवरूनच आलेलं होतं. फॉलोअपच्या बीपी शुगरवाल्यांना दोन ओळी पुरतात, नवीन पेशंटला आणि ‘बरं वाटत नाही’ म्हणून तिसऱ्यांदा आलेल्याला वेळ द्या.

आणि सेव्ह दाबायच्या आधी मी एक करते, लिहिलेलं पेशंटला मराठीत वाचून दाखवते. वीस-तीस सेकंद लागतात. मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या, मी वाचलं, “आजी, दिवाळीनंतर खोकला सुरू झाला, मग आवाज बसला, आता गिळताना टोचतं, बरोबर?” त्यांनी मान हलवली नाही. म्हणाल्या, “नाही गं बाई, आवाज आधी बसला. नवरात्रात आरतीला गळा चालेना, तेव्हाच. खोकला पार नंतरचा.” मी नोटमधली पहिली ओळ खाली नेली, आवाज बसण्यासमोर नवरात्राची तारीख टाकली, शेजारी मिशरी तीस वर्षं लिहिलं, आणि खोकल्याच्या औषधाची प्रिंट रद्द करून त्यांना त्याच दिवशी ईएनटीला दुर्बिणीने घसा बघायला पाठवलं.